पाटीवरून खोडलेली ओळ

महाराष्ट्रातल्या कलादालनांचे आणि संग्रहालयांचे विश्वस्त, संचालक, क्युरेटर, आणि छापायला जाण्याआधी पाटीच्या मजकुरावर शेवटचा हात फिरवणारे जे कुणी असतील ते, या सर्वांना

स. न. वि. वि.

प्रदर्शनात चित्राशेजारी किंवा पडद्याखाली जी वीतभर पाटी असते, तिचा मजकूर मराठीत करून देणं हे माझ्या पोटापाण्याच्या कामांपैकी एक. शब्दामागे काही पैसे मिळतात, श्रेय मिळत नाही, त्याबद्दल तक्रारही नाही. तक्रार वेगळी आहे आणि ती एका दालनापुरती नाही, म्हणून जाहीर लिहिते आहे. दालनाचं नाव घेत नाही. घेतलं तर बाकीचे सगळे निश्चिंत होतील.

काम असं होतं. अंधाऱ्या खोलीत स्वयंपाकघराचा ओटा मांडलेला, त्यावर दोन हेडफोन. कानाला लावले की कुकरच्या शिट्ट्या, नळाखाली वाजणारी भांडी, आणि आमटीत आमसुलं किती घालायची यावरून दोन पुरुषांची चाललेली कुरबूर. मधूनच एकाचं हसणं. समोरच्या भिंतीवर त्याच ओट्याचं चित्रीकरण. चेहरे नाहीत, नुसते चार हात. कलाकाराने लिहून दिलेल्या मजकुरातलं पहिलंच वाक्य होतं, 'माझ्या आणि माझ्या जोडीदाराच्या घरातले आवाज.' ते मी जसंच्या तसं मराठीत केलं. सनबोर्डावर छापून आलं ते असं : 'महानगरातील एका घरातील दैनंदिन ध्वनींचा काव्यात्म वेध.' विचारलं तर उत्तर आलं, 'शाळांच्या सहली येतात ना, मॅडम.'

उद्घाटनाला आलेले साठीचे एक गृहस्थ हेडफोन काढून रखवालदाराला विचारत होते, 'दोघं भाऊ आहेत का हे?'

'असतील,' तो म्हणाला.

त्याने तरी काय सांगावं? भिंतीवर जे लिहिलं होतं त्यात भाऊही बसत होते आणि पोटभाडेकरूही. आणि आता खरी बोचणारी गोष्ट : शेजारच्याच इंग्रजी पाटीवर 'पार्टनर' हा शब्द शाबूत होता. म्हणजे अडचण कलाकाराची नव्हती, विषयाचीही नव्हती. इंग्रजी वाचणाऱ्याला हे झेपेल, मराठी वाचणाऱ्याला झेपणार नाही, असं कुणीतरी परस्पर ठरवून टाकलं होतं. हा प्रकार मी त्याआधीही पाहिला होता आणि नंतरही पाहिला. इंग्रजीत 'क्वीअर' (म्हणजे स्त्री-पुरुष जोडीच्या रूढ चौकटीत न बसणारं), मराठीत 'मानवी नातेसंबंध'. इंग्रजीत 'गे', मराठीत 'संवेदनशील'.

तुमच्यापैकी काहींना वाटेल, पाटीच्या एका ओळीवरून केवढा गहजब. म्हणून शिकागोची गोष्ट सांगते.

आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागोच्या संग्रहात एक गोळ्यांचा ढीग आहे. चकचकीत रंगीत कागदांत गुंडाळलेल्या, आपल्या लिमलेटच्या जातीच्या गोळ्या, खोलीच्या कोपऱ्यात ओतलेल्या. ढिगाचं आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. येणाऱ्याने एक उचलावी, तोंडात टाकावी किंवा खिशात घालावी. ढीग उतरत जातो आणि संग्रहालय तो पुन्हा भरू शकतं. काम १९९१ सालचं, फेलिक्स गोन्झालेस-तोरेस यांचं. जन्म १९५७, क्युबातल्या ग्वाइमारोचा. प्वेर्तो रिकोमार्गे १९७९ मध्ये न्यूयॉर्कला आले, छायाचित्रण शिकले, आणि पुढे हाताला येईल त्या साध्या वस्तूतून कलाकृती करत गेले : घड्याळं, विजेच्या दिव्यांच्या माळा, छापील कागदांच्या चळती, पडदे, होर्डिंगं. त्यांचा जोडीदार रॉस लेकॉक १९९१ च्या जानेवारीत एड्सने गेला. स्वतः फेलिक्सही ९ जानेवारी १९९६ रोजी त्याच आजाराने गेले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. एचआयव्हीवरची एकत्रित औषधयोजना नेमकी त्याच वर्षी हाताशी येऊ लागली होती.

१७५ पौंड हे धडधाकट रॉसचं वजन मानलं जातं. आपण गोळी उचलतो तेव्हा ते शरीर एका गोळीने कमी होतं, जसं ते आजारात होत गेलं. कामाच्या नावात रॉस आहे. तो काळ आठवा. एड्स झालेल्याच्या कपाला हात लावायला माणसं कचरत. आपल्या शेजारी गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाला एचआयव्ही आहे म्हणून पोलिसांनी उचललं आणि क्षयरोग्यांच्या एका जुन्या इमारतीत दोन महिन्यांहून अधिक काळ एकटं डांबून ठेवलं. कायदाच तसा होता. अशा दिवसांत हा माणूस अनोळखी लोकांना म्हणत होता, या, माझ्या माणसाच्या देहातलं थोडं तोंडात घ्या, गोड लागेल.

२०२२ मध्ये त्या संग्रहालयाने या कामाची पाटी बदलली. नव्या मजकुरात प्रौढ पुरुषाच्या सरासरी वजनाचा उल्लेख होता. रॉस नव्हता, एड्स नव्हता. प्रेक्षकांच्या ते लक्षात आलं, त्यांनी समाजमाध्यमांवर आणि स्थानिक क्वीअर वृत्तपत्रात जाब विचारला, आणि संग्रहालयाने पाटी पुन्हा लिहून ते दोन्ही उल्लेख परत आणले. रॉस नसताना काय उरतं ते बघा : कोपऱ्यात सांडलेल्या फुकट गोळ्या. मुलं खूश, पालक खूश, सेल्फीला रंग छान.

आता तुमच्यातला एखादा अभ्यासू क्युरेटर मला कोपऱ्यात घेईल. म्हणेल, बाई, फेलिक्सनाच संदिग्धता आवडायची. जवळजवळ सगळ्या कामांना त्यांनी 'शीर्षकहीन' म्हटलं. एका कामाचा एकच अर्थ त्यांना नको होता. मालकाने, मांडणाऱ्याने, बघणाऱ्याने त्यात आपलं घालावं अशी मोकळीक त्यांनी ठेवली. मग आम्ही पाटी मोकळी ठेवली तर बिघडलं कुठे?

हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि मला तो सगळ्यात जास्त विचारात पाडतो. सारख्या दोन घड्याळांचं त्यांचं काम घ्या. कार्यालयात असतात तशी साधी गोल घड्याळं, एकमेकांना टेकलेली, एकाच वेळेवर लावलेली. बॅटऱ्या आपापल्या गतीने संपत जातात आणि काटे हळूहळू वेगळे पडतात. दोन पुरुषांचं चित्र न काढता त्यांनी दोन पुरुषांबद्दल बोलून घेतलं, आणि त्यामागे डावपेच होते. १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन दालनाने रॉबर्ट मेपलथॉर्प यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन, त्यात काही समलिंगी कामुक छायाचित्रं होती म्हणून, ऐन वेळी रद्द केलं होतं. तेच प्रदर्शन लावलं म्हणून १९९० मध्ये सिनसिनाटीच्या संग्रहालयावर आणि त्याच्या संचालकांवर अश्लीलतेचा खटला चालला (ज्युरीने निर्दोष सोडलं). सरकारी पैशातून असली कला कशाला, म्हणून सिनेटर गर्जत होते. फेलिक्स यांचा हिशेब असा की भिंतीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन सारख्या वस्तू दाखवून 'बघा, तुमच्या कराच्या पैशाने समलिंगी कला' असं मतदारांना सांगणं पुढाऱ्यांना फार जड जाईल. तसं ते बोलूनही दाखवत.

पण 'शीर्षकहीन' लिहून ते थांबत नसत. पुढे कंस करून त्यात काहीतरी घालत. गोळ्यांच्या ढिगाच्या कंसात आहे 'लॉस एंजेलिसमधल्या रॉसचं व्यक्तिचित्र'. घड्याळांच्या कंसात आहेत प्रेमिक. किती उघडायचं, किती झाकायचं याचं माप कलाकाराने स्वतः घेऊन ठेवलं होतं. सिनेटरांना हुलकावणी द्यायला त्यांनी जे झाकलं, तेच संग्रहालयाने आणखी झाकून सिनेटरांचं काम सोपं करावं, असं त्यांच्या मोकळिकीतून निघत नाही. आमच्या हेडफोनवाल्या कलाकाराने तर काही झाकलंच नव्हतं.

दालनाबाहेर, रस्त्यावर, फेलिक्स कसे वागत तेही बघण्यासारखं आहे, कारण आपल्या शहरांना होर्डिंगांची सवय त्यांच्या न्यूयॉर्कपेक्षा कमी नाही. १९८९ मध्ये, न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारवर पोलिसांची धाड पडून समलिंगी गिऱ्हाइकांनी जो दंगा केला त्याला वीस वर्षं झाली तेव्हा, त्या बारपासून चार पावलांवर शेरिडन स्क्वेअरला त्यांचं एक होर्डिंग लागलं. सबंध काळं. तळाशी पांढऱ्या अक्षरांत, चित्रपटाच्या तळाशी संवाद येतात तशा, दोन ओळी. त्यात फक्त नावं आणि साल : एड्सग्रस्तांची संघटना १९८५, पोलिसांचा छळ १९६९, ऑस्कर वाइल्ड १८९५, सर्वोच्च न्यायालय १९८६, हार्वे मिल्क १९७७, वॉशिंग्टनवरचा मोर्चा १९८७, स्टोनवॉलचं बंड १९६९. सनावळी मुद्दाम विस्कटलेली, स्वल्पविरामसुद्धा नाहीत. वाचणाऱ्याने वरच्या काळ्या जागेत आपल्या आठवणी बघाव्यात. ज्याला काहीच माहीत नाही त्याला निदान एवढं कळावं की इथे काहीतरी घडलेलं आहे आणि ते आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

यातलं 'सर्वोच्च न्यायालय १९८६' आपल्याला चांगलं कळण्यासारखं. दोन पुरुषांचा संमतीने, स्वतःच्या घरात झालेला संबंधही गुन्हा ठरवणारा जॉर्जिया राज्याचा कायदा त्या वर्षी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी वैध ठरवला. शेजघराचं दार कायद्याने उघडलं. रॉस गेल्यावर फेलिक्सनी ते दार स्वतःच सताड उघडलं. १९९२ च्या उन्हाळ्यात, म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या उपक्रमात, न्यूयॉर्कभर २४ ठिकाणी एकच होर्डिंग लागलं : विस्कटलेला दुहेरी पलंग, पांढऱ्या चादरी, दोन उशा, आणि उशांवर दोन डोक्यांचे खळगे. कृष्णधवल छायाचित्र, एक अक्षर नाही. गॅरेजच्या वर, पुलाजवळ, दुकानांच्या माथ्यावर, जिथे एरवी सिगारेट आणि जीन्स विकल्या जात तिथे. कुणाला जाहिरात वाटली असेल, कुणाला आपलं मोडलेलं लग्न आठवलं असेल. त्या रस्त्यावरच्या अबोल्यावर माझं काही म्हणणं नाही. तो ज्याचा होता त्याने निवडलेला होता, आणि आत संग्रहालयात ज्याला विचारायचं असेल त्याला उत्तर मिळण्याची सोय होती.

आपल्याकडे असं होर्डिंग लागलं तर? मी एकदा गंमत म्हणून त्यांच्या चालीवर आपली ओळ जुळवून पाहिली. क्वीअर आझादी मार्च २००८ लखनौ २००१ भूपेन खख्खर १९८१ सर्वोच्च न्यायालय २०१३ भारतीय दंड संहिता १८६० बॉम्बे दोस्त १९९० सर्वोच्च न्यायालय २०१८. दादरच्या टिळक पुलावर, 'भावी नगरसेवकां'च्या वाढदिवसाच्या फ्लेक्सशेजारी, ही ओळ वाचून किती जण थबकतील माहीत नाही. पण तिचा तुकडा न् तुकडा जाहीर नोंदीतला आहे आणि त्यातला काही मुंबईत घडलेला आहे. तो आपल्या दालनांच्या पाट्यांवर मात्र मला क्वचितच भेटतो.

भूपेन खख्खर हे त्यातलं सर्वांत ठसठशीत नाव, आणि ते आपल्या मुंबईच्या खेतवाडीचं. १९३४ चा जन्म, शिक्षणाने चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये बडोद्याला गेले, अर्धा वेळ हिशेब लिहून उरलेल्या वेळात चित्रं काढत. जलरंग, तैलरंग, मातीकाम, गुजराती कथा, नाटक, काही सोडलं नाही. त्यांची सत्तरच्या दशकातली शिंपी, न्हावी, घड्याळजी यांची चित्रं आपल्याला फार आवडतात, आणि 'मध्यमवर्गीय जीवनाचे मिश्कील चित्रकार' हे वर्णन मी इतक्यांदा वाचलं आहे की मला ते डोळे मिटून टाइप करता येईल. चुकीचं नाही ते. पण १९८१ च्या चित्रात गच्चीत उघडा उभा राहून, बाप, मुलगा आणि गाढवाची गोष्ट खाली रस्त्यावर घडताना बघणारा माणूस कोण आहे? लोक काय म्हणतील या भीतीची ती गोष्ट, आणि लोकांकडे पाठ न फिरवता आपण कोण आहोत ते सांगून टाकणारं ते चित्र. लंडनच्या टेट मॉडर्नने २०१६ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं ते याच चित्राचं नाव घेऊन. त्या चित्राच्या पुढच्याच वर्षी, १९८२ मध्ये, त्यांनी बनारसमध्ये मिठीत उभे असलेले दोन नग्न पुरुष रंगवले. ते चित्र २०१९ मध्ये लंडनच्या लिलावात २५ लाख पौंडांहून अधिक किमतीला गेलं. त्या रकमेची बातमी आपल्या वर्तमानपत्रांना चालते. पाटीवर मात्र 'मिश्कील'.

कधी उलटंही होतं. पाटी गप्प बसत नाही, भसाभसा बोलते आणि भलतंच बोलते. तेजल शाह यांनी २००६ मध्ये काही हिजड्यांना विचारलं, तुम्हाला स्वतःला कसं बघायला आवडेल, आणि त्या कल्पनेबरहुकूम छायाचित्रं उभी केली. एकीला दाक्षिणात्य सिनेमातली मोहिनी व्हायचं होतं, ती झाली, पूर्ण थाटात. अशा कामाशेजारी 'तृतीयपंथी समाजाच्या व्यथा' लिहिण्याची आपल्या लेखणीला इतकी सवय आहे की समोरचा थाट दिसेनासा होतो. व्यथा लिहिली की आपण सुरक्षित असतो. तिथे कुणी आक्षेप घेत नाही, देणगीदारही नाही.

तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. २०१२ च्या जानेवारीत दिल्लीच्या ललित कला अकादमीत बलबीर कृष्ण यांच्यावर, त्यांच्याच प्रदर्शनात, तोंड झाकलेल्या माणसाने हल्ला केला. चित्रं समलिंगी प्रेमाची होती एवढंच कारण. दालनाची काच फुटली तर निस्तरायचं तुम्हाला असतं, पाटी मराठीत करणारीला नव्हे. एखाद्या कलाकाराने स्वतःच म्हटलं, माझ्या घरी माहीत नाही, ती ओळ नको, तर ती एका क्षणात काढा. तिथे माझं काही चालता कामा नये. पण आमच्या प्रसंगात कुणी धमकी दिली नव्हती. कुणाचा फोन आला नव्हता. सहलीसुद्धा यायच्या होत्या, आलेल्या नव्हत्या. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीचा समलिंगी संबंध गुन्हा नाही असं ठरवल्यानंतर ते वाक्य लिहायला कायद्याची आडकाठी नाही. समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क त्याच न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने मिळाला नाही हे खरं, पण 'माझा जोडीदार' म्हणायला त्या निकालाने कुणाला मनाई केलेली नाही.

आणि त्या सहलीतल्या पोरांचं म्हणाल तर, ती विचारतील, 'दोघं काका एकत्र राहतात?' बाई म्हणतील, 'हो.' पोरं पुढच्या खोलीत पळतील, कारण तिथे पडदा मोठा असेल. ज्या वर्गात तीस-चाळीस पोरं असतात तिथे एखादं तरी असतं, जे पाटीपाशी अंमळ रेंगाळतं. ते मराठी माध्यमातलं असलं तर त्याला तुम्ही 'काव्यात्म वेध' वाचायला देता.

मागणं फार नाही. कलाकाराने सही करून दिलेला मजकूर त्याच्या लेखी संमतीशिवाय बदलू नये, मग तो कोणत्याही भाषेत असो. कलाकार हयात नसेल तर त्याने स्वतः कंसात घालून ठेवलेली माणसं तिथेच राहू द्यावीत. मराठी पाटी इंग्रजीपेक्षा आखूड करायची असेल तर जागेअभावी विशेषणं काढा. आम्ही ती ढिगाने वापरतो, कुणाचं काही अडणार नाही. आणि एखादी ओळ खोडायचीच झाली तर समासात कारण लिहून खाली स्वतःचं नाव घाला. आजवर माझ्याकडे परत आलेल्या एकाही कागदावर खोडणाऱ्याचं नाव नव्हतं. लाल रेघ तेवढी असते, 'वरून आलंय' असं सांगितलं जातं, आणि वर कोण राहतं ते विचारायची सोय नसते.

पुढच्या हंगामाच्या फायली लवकरच येतील. यापुढे सही नसलेली खोड दिसली की ती ओळ मी जागेवर ठेवून मजकूर परत पाठवणार आहे, आणि प्रत कलाकाराला. त्यामुळे काम दुसऱ्या कुणाला द्यायचं असेल तर आत्ताच कळवलंत तर बरं, म्हणजे मी शाळेच्या पुस्तकांची तपासणी हाती घेईन. त्यांचे पैसे वेळेवर येतात.

कळावे,
पाट्या मराठीत करणारी एक